पिवळा टाका

“खिसा असा हवा, की वरून हात फिरवला तरी कुणाला लागू नये,” असं म्हणून मृण्मयीने राखाडी कोट टेबलावर ठेवला. अंबाजीरावांनी गळ्यातली टेप काढलीच नाही. आधी दाराकडे पाहिलं, मग तिच्याकडे.

अग्रहारातल्या या दुकानात त्यांची चाळीस वर्षं गेली होती, आणि चोरखिसे त्यांनी काही कमी शिवले नव्हते. पण तिरुपतीला निघालेल्या म्हाताऱ्या खिसा कशाला हवा ते आपणहून दहादा सांगत. ही पोरगी तोंड उघडायला तयार नव्हती. तिचे आईवडील नोकरीसाठी पुण्याहून इथे कानडी मुलखात आलेले, सरळ माणसं. मुलगी परदेशात नेमकं काय करते, हे त्यांनाही धड सांगता येत नसे. कुठेतरी पाणी मुरतंय, असं अंबाजीरावांना वाटलं.

“सोनं काय?” त्यांनी विचारलं.

“छे हो काका! एवढंसं कार्ड.” तिने नखाएवढं माप दाखवलं. “फोटो असतात त्यात.”

“फोटो लपवायला कशाला की? लफडं असेल तर बेडा अम्मा. या वयात पोलीस-गिलीस नको मला.”

मग तिला सांगावंच लागलं. ती एका विदेशी वृत्तसंस्थेची बातमीदार होती. ज्या देशात ती राहायची, तिथे एकाच माणसाचा शब्द चाले. बातमीदारांबरोबर सरकारी माणूस फिरे, आणि बाहेर पडताना बॅगांची झडती होई. देशाचं नाव काही तिने घेतलं नाही.

“मग तिथली माणसं बोलतात तुमच्याशी?”

“काही बोलतात. लपूनछपून.”

“आणि बातमी घेऊन तुम्ही निघून येता, अल्वा, हो ना?”

मृण्मयीचा चेहरा पडला. “येते. पासपोर्ट माझ्याकडे असतो, त्यांच्याकडे नसतो. म्हणून तर कुणाचा चेहरा दाखवत नाही मी.” विश्वास बसावा म्हणून तिने फोन पुढे केला. “हा गेल्या मंगळवारी छापून आला. या बेकरीवाल्याच्या मुलाला सरकारी माणसांनी उचलून नेलं. तोच म्हणाला, छाप. मी त्याला पाठमोरा उभा केला, नाव बदललं, गावही बदललं.”

अंबाजीरावांनी फोटो दोन बोटांनी मोठा केला. माणसाकडे त्यांचं लक्षच नव्हतं; ते त्याचा कोट बघत होते. डावा खांदा उसवून पुन्हा बसवलेला. कॉलरखाली आडवं रफू, एका रंगाच्या दोऱ्याने सुरू करून दुसऱ्याने पुरं केलेलं.

“नोडी, बघा, हे सगळं एकाच हाताचं काम आहे. शिवणारा डावखुरा. मधेच दोरा संपला त्याचा.”

“म्हणजे?”

“म्हणजे त्या गावच्या शिंप्याला हा फोटो दाखवला, तर तो चेहरा मागणार नाही. अमक्याचा कोट, म्हणेल.”

मृण्मयी स्टुलावर बसली. “मंगळवारपासून त्याचा फोन बंद आहे,” ती म्हणाली. “मला वाटलं, घाबरून त्यानेच बंद केला असेल.” मग हलक्या आवाजात, “सांगेल का हो तो शिंपी?”

नाही म्हणून तिची समजूत घालता आली असती. पण अंबाजीरावांना तो शर्ट आठवला. बावीस वर्षांपूर्वी मेटगळ्ळीच्या एका कारखान्यात संप झाला, दगडफेक झाली, आणि कारखान्याचा माणूस झटापटीत फाटलेला एक शर्ट घेऊन याच टेबलाशी आला. कपडा पुरा झाला की कॉलरच्या आत विठोबाच्या नावाने पिवळ्या दोऱ्याचा एक टाका घालायचा, ही त्यांच्या घरची रीत. तो टाका बघून त्यांची छाती फुगली होती. ‘माझंच काम!’ ते म्हणाले होते, आणि त्याच दमात, शर्ट ज्याला शिवला त्या संपकरी शेषगिरीचं नावही घेऊन मोकळे झाले. कुणी धाक घातला नव्हता. शेषगिरीची नोकरी गेली, वर्षाच्या आत बिऱ्हाड हललं. शिवायला टाकलेली पँट न्यायलाही तो आला नाही. ती अजून कपाटात होती.

“मी सांगितलं होतं अम्मा,” ते म्हणाले, आणि सगळं सांगून टाकलं. “सुम्ने, उगीच, आपलं काम ओळखलं करून खूश होऊन.”

तिने ऑफिसला फोटो काढून टाकायला लिहिलं. उत्तर लगेच आलं: आता तो सगळीकडे पोचला आहे, शुक्रवारी परत जाशील तेव्हा त्याच माणसाला गाठ, पुढची बातमी दे.

“त्याच्या दारात गेले, तर आजवर कुणाला कळलं नसेल तरी कळेल,” मृण्मयी म्हणाली. “नाही गेले, तर तो आहे की नाही, हे मला कधीच कळणार नाही.”

अंबाजीरावांनी कोट ओढला, काखेखालचं अस्तर उसवलं आणि खिसा हाताने शिवायला घेतला. नेहमीपेक्षा दुप्पट वेळ लागला. ती मधूनमधून तोच नंबर लावत राहिली.

काम संपलं. सवयीने सुईत पिवळा दोरा ओवला गेला. त्यांनी कॉलर उलटी केली, सुई टेकवली आणि हात थांबला. मग सुई उचलून कोट तिच्यापुढे सरकवला.

“घ्या. हा कुणी शिवला, ते आता मलासुद्धा ओळखता येणार नाही.”

मृण्मयीने कोट अंगात चढवला, काखेपासून कमरेपर्यंत हात फिरवला. काही लागलं नाही. भर उन्हात तो तसाच घालून ती निघून गेली.

अंबाजीरावांनी सुईतला एवढासा पिवळा दोरा काढला, आणि विठोबाच्या तसबिरीपुढे नेऊन ठेवला.