साडेचार तास

मंगळवारी सकाळी सात चाळीसला, नेदरलँड्समधल्या टिलबर्गच्या घरात, विनयच्या उजव्या हातातून चहाचा कप निसटला. तोंड एका बाजूला ओघळलं, शब्द बोबडे झाले. सात पन्नासला सगळं पूर्ववत.

साधनाने ॲम्ब्युलन्ससाठी एकशे बारा फिरवायला घेतला होता. विनयने तिच्या हातातून फोन घेतला आणि पुण्याला थोरल्या भावाला लावला. डॉ. वासुदेव त्वचेचे डॉक्टर. पण घरात सर्दीपासून किडनीपर्यंत त्यांचाच शब्द शेवटचा.

"दहा मिनिटांत गेलं ना? मग काही नाही. ॲसिडिटी. साधना, उगाच बाऊ करू नकोस. झोपू दे त्याला."

गुरुवारी विनय बाथरूममध्ये कोसळला. उजवं अंग गेलं, वाचा गेली.

"मंगळवारी इशारा मिळाला होता," स्ट्रोक विभागातली नर्स म्हणाली. "थांबलं तरी लगेच यायचं असतं. थांबलं नाही, तर मेंदूतली रक्ताची गुठळी विरघळवायचं इंजेक्शन पहिल्या लक्षणापासून साडेचार तासांच्या आत. मिनिटागणिक मेंदू जातो."

साधनाने कागदावर लिहिलं : तोंड, हात, बोलणं. साडेचार तास. कागद फ्रिजवर लावला.

वासुदेवांनी त्या मंगळवारचं पुन्हा नाव काढलं नाही. नातेवाइकांना मात्र सांगितलं, "साधनाने उशीर केला. तिला कळायला हवं होतं." हे तिला तिसऱ्याच माणसाकडून समजलं. ती विसरली नाही.

सहा आठवड्यांनी, रविवारी सकाळी नऊला, पुण्यात दुपार असताना, वासुदेवांचा नेहमीचा व्हिडिओ कॉल आला. साधना विनयला चमच्याने उपमा भरवत होती.

"काय विनोबा, खातोयस ना?" वासुदेवांची जीभ जड होती. "माझ्या हाताला मुंग्या आल्यात बघ. चष्मा दोनदा पडला. मघाशी डुलकी लागली, तेव्हा दबला असेल."

साधनाने फोन जवळ घेतला. ओठांचं डावं टोक खाली आलं होतं.

"कधीपासून, भाऊजी?"

"झाला अर्धा तास. जाईल."

"वहिनी कुठे आहेत?"

"पूर्णिमा बहिणीकडे गेलीय. संध्याकाळी येईल. एवढी चौकशी कशाला? तुला काय कळतंय त्यातलं?"

साधनाने चमचा वाटीत ठेवला.

"काहीच नाही कळत. ॲसिडिटी असेल, भाऊजी. उगाच बाऊ करू नका. झोपा."

नऊ वाजून सात मिनिटांनी तिने कॉल बंद केला.

विनयने डाव्या हाताने तिचं मनगट पकडलं. त्याच्या घशातून खरखर निघाली, मग सहा आठवड्यांतला पहिला शब्द.

"दा... दा."

तिने त्याची हनुवटी पुसली. मोकळ्या हाताने पूर्णिमावहिनींचा नंबर काढला.

आता नऊ एकवीस झाले आहेत. साडेचार तासांतली एक्कावन्न मिनिटं गेली. नंबर स्क्रीनवर आहे, मनगटावरची पकड सुटलेली नाही. फोन अजून लावलेला नाही.