माउंडवरची टाकी

"अबे, हात कावून मागं ओढतो? चेंडू गेला ना? मग जाऊ दे की हात त्याच्या मागं!"

आश्रुबा सर एवढ्या जोरात ओरडले की दावणीला बांधलेल्या म्हशींनी माना वर करून बघितलं. गहिनीनाथ मान खाली घालून उभा राहिला. चेंडू बॅटवाल्यापुढच्या होम प्लेटच्या डावीकडून जाऊन कडब्याच्या गंजीत घुसला होता, आणि मागं झेलायला बसलेलं कॅचर पोरगं त्याच्यामागं गंजीत घुसलं होतं.

तेलगावच्या बाजूला एका सहकारी साखर कारखान्याची शाळा होती, तिचं हे मैदान. सलग दुसऱ्या वर्षी पावसानं तोंड फिरवलं आणि कारखान्यानं मैदानावर चारा छावणी टाकली. जनावरं जगली पाहिजेत, त्यात दुमत नव्हतं. पण बेसबॉल खेळायला उरली ती कुंपणालगतची एक चिंचोळी पट्टी, आणि तीही शेणानं भरलेली. सरांना सकाळी आधी खोरं घ्यावं लागे, मग चेंडू.

गावात या खेळाचं कुणाला काडीचं कौतुक नव्हतं. "ह्यो कसला किरकेट, स्टंपच न्हाईत," म्हणून पारावरची माणसं हसत. पण गहिनीनाथचा हात सरांनी पाहिला होता. नववीतलं किडकिडीत पोरगं, पण चेंडू असा फेकायचं की कॅचरच्या ग्लोव्हचा आवाज शाळेच्या ऑफिसपर्यंत जायचा. पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, म्हणून देवानंच घडवलेलं. फक्त टाकण्याची पद्धत पार बिघडलेली! पाय उचलायचा, पुढं टाकायचा, कंबर फिरवायची, हे सगळं तो बरोबर करी. आणि चेंडू सुटला रे सुटला की हात झटक्यात मागं खेची. वेगानं निघालेल्या हाताला असा मध्येच लगाम घातला की सगळा हिसका खांद्यात बसतो. असं वर्षभर चाललं तर पोराचा खांदा कामातून जाणार, हे सरांना दिसत होतं.

आणि वेळ तर मुळीच नव्हता. दसऱ्याआधी बीडला विभागीय सामने होते. तिथं निवड झाली तर राज्याच्या शिबिरात जायचं, पुढं सरकारी क्रीडा वसतिगृहात राहून शिकायचं. नाही झाली तर गहिनीनाथ आईबापाबरोबर ऊसतोडीला. मोठी बहीण लग्न होऊन गेल्यापासून घरात एक हात कमी पडत होता, आणि यंदा ऊसच नाही म्हणून आपला कारखाना बंद म्हटल्यावर जायचं होतं ते लांब, थेट कर्नाटकात. त्याचा बाप शहादेव सरळ बोलून गेला होता, "सर, निवडला तर तुमचा. न्हाई निवडला तर आमचा."

सर चिडत ते यामुळं. पोरावर चिडत, म्हशींवर चिडत, आणि घरी गेल्यावर उगीचच भाजीवर चिडत. त्यांची बायको वच्छलाबाई म्हणायची, "पोरगं चेंडू टाकतंय तिकडं, अन् जीव माझा खाताय इकडं."

शेवटी एका दुपारी कोडं सुटलं. छावणीच्या गंजीवर मोकाट वळू आला होता आणि गहिनीनाथ त्याला हाकलायला गोफण फिरवत होता. गोफणीची एक दोरी बोटात अडकवलेली, दुसरी चिमटीत. दगड सुटताना चिमटीतली दोरी सुटते, आणि हात तिथल्या तिथं मागं ओढून घ्यावा लागतो, नाही तर दोरीचा फटका आपल्यालाच. वळू पळाला. सर मात्र कपाळावर हात मारून घेत राहिले.

"गोफण कधीपासून चालवतो रे?"

"कळतंय तवापासून, सर. ज्वारीच्या माळ्यावर मीच बसायचो. आमच्यात पाखरं राखायचं काम माझ्याकडंच हाय."

"आन् मी महिनाभर तुला आळशी म्हणून शिव्या घालतोय! आधी सांगायचं न्हाई?"

"तुमी इचारलंच न्हाई," गहिनीनाथ म्हणाला.

दुसऱ्या दिवशी सरांनी चेंडू बंद केला आणि पोराच्या हातात त्याच्या बापाचा टॉवेल दिला. समोर लाकडी स्टूल ठेवलं. पाय टाकायचा, वाकायचं, आणि टॉवेलचं टोक स्टुलावर फट्कन बसलं पाहिजे. हात मागं ओढला तर टोक पोचतच नाही, म्हणजे चोरी लगेच कळते. पहिल्या दिवशी टॉवेल नुसता हवेत. आठवड्यानं एखादा फटका. मग हळूहळू स्टूल वाजायला लागलं, आणि पुन्हा चेंडू दिला तेव्हा हात गुडघ्यापर्यंत खाली जाऊन थांबला. त्या दिवशी सर घरी शीळ घालत गेले.

आता राहिला माउंड. माउंड म्हणजे पिचरनं उभं राहायचा मातीचा उंचवटा. सरांनी तीन वर्षांमागं मुरूम आणि काळी माती तुडवून स्वतः केला होता. छावणी आली तशी कारखान्यानं त्याच्यावरच पाण्याची मोठी काळी टाकी बसवली. सर कारखान्याचे चेअरमन सुंदरराव यांच्याकडं गेले.

"आण्णा, आठ दिवसांसाठी तेवढी टाकी हलवा."

"मास्तर, अख्ख्या मैदानात तेवढीच जागा उंच हाय. तिथून नळी सोडली की पार शेवटच्या दावणीला पानी आपसूक जातंय. तुमच्या खेळापायी मुकी जनावरं तान्हेली ठिवू का?"

सर परत फिरले. चीड येते ती अशा वेळी, समोरचा माणूस खरं बोलत असतो तेव्हा. त्यांनी पट्टीवर नवा ढीग घातला, पण माती बसायला पाणी लागतं. बायका घागरी घेऊन टँकरची वाट बघत बसलेल्या, त्यांच्यासमोर मातीवर पाणी ओतायला कुणाचा हात धजेल? कोरडा ढीग दोन दिवसांत पायाखाली भुगा झाला. पोरगं सपाट जमिनीवरच शिकलं.

बीडला पहिले दोन डाव गहिनीनाथनं एकही धाव दिली नाही. मंडपात निवड समितीची माणसं खुर्चीत पुढं सरकून बसली. शेजारी सुंदरराव "आमच्या शाळंचा हाय" म्हणून सगळ्यांना सांगत होते. सरांचं लक्ष मात्र पोराच्या डाव्या पायाकडं. इथं खरा माउंड होता, आणि त्या उंचवट्यावरून पुढं टाकलेला पाय सवयीपेक्षा खोल जात होता, उशिरा टेकत होता. पाय उशिरा, म्हणून हात उशिरा. तिसऱ्या डावात तोल सावरायला पोरानं हात मागं ओढला. मग पुन्हा ओढला. चौथ्या डावात चेंडू टाकल्यावर त्यानं हळूच खांदा दाबला आणि कुणी बघितलं का म्हणून इकडंतिकडं पाहिलं.

सर पंचांना विचारून आत गेले.

"दुखतंय?"

"न्हाई."

"हात वर कर."

हात कानापर्यंत गेला आणि थांबला. पोराचे डोळे भरले. "सर, राहू द्या ना. दोनच डाव राहिलेत. ती माणसं बघायलीत."

सरांना त्या क्षणी सगळ्यांचा राग आला. टाकीचा, आभाळाचा, त्या खुर्चीतल्या माणसांचा, आणि सगळ्यांत जास्त स्वतःचा. राहू दिलं तर कदाचित निवड होईल. आणि कदाचित खांदा जन्माचा जाईल. त्यांनी हात पुढं केला. "चेंडू दे."

"सर..."

"दे म्हणतो ना!"

दुसऱ्या पोरानं उरलेले डाव टाकले आणि सामना गेला. समितीतल्या एकानं जाताना सरांच्या पाठीवर थाप मारली. "पोरगं चांगलंय, पण दम कमी पडला. पुढच्या वर्षी आणा." पुढच्या वर्षी! सरांनी मान डोलावली आणि ग्लोव्ह गोळा करायला लागले. येताना जीपमध्ये गहिनीनाथ सरांकडं पाठ करून पार मागं बसला.

दसऱ्यानंतर तेलगावच्या चौकात ऊसतोडीला माणसं न्यायला ट्रक लागले. सर भाजी आणायला म्हणून निघाले आणि पाय आपोआप तिकडं वळले. शहादेव ट्रकमध्ये उभा राहून सामान रचत होता. खाली गहिनीनाथची आई सुभद्राबाई भांड्यांची पोती बांधत होती, आणि गहिनीनाथ एकेक पोतं डोक्याच्या वर उचलून बापाकडं देत होता. सरांना पाहून त्यानं हात पुसले आणि वाकून पाया पडला.

"राग गेला का रे?" सरांनी विचारलं.

"कवाच गेला, सर."

"आन् हात?"

"एकदम बरा हाय." त्यानं हात सरळ वर करून दाखवला, पार आभाळाकडं. त्याला खरंच आनंद झाला होता. "तुमी येळंवर भाईर काढलं म्हणून वाचला, सर. न्हाई तर ह्या साली तोडीला मोळ्या उचलायला आई एकटी पडली असती."