मानेचा धडा

मी ऑस्टिओपॅथ झाले ती मावशीच्या मानेमुळे. हे मी वर्षानुवर्षं मोठ्या कौतुकाने सांगत आले. आता सांगताना जीभ जड होते, पण खरं तेच आहे.

आई गेल्यावर मावशीनेच मला वाढवलं. ती घड्याळं दुरुस्त करायची. डोळ्याला भिंग लावून, मान खाली घालून, चिमट्याने केसाएवढे स्क्रू उचलायची. तिच्या दुकानात जोरात शिंकायचीही चोरी होती. मग तिची मान धरायला लागली. सुरुवातीला संध्याकाळपुरती, पुढे दिवसभर, आणि एकदा हातालाच मुंग्या येऊन चिमटा निसटला, तेव्हा ती घाबरली. कुणीतरी सरांकडे जायला सांगितलं.

सर आमच्या भागातले नावाजलेले ऑस्टिओपॅथ. औषध नाही, सुई नाही. जखडलेले सांधे, स्नायू, बरगड्या, सगळं हातांनी मोकळं करायचं. शेजारचे काका त्यांना 'हाडांचे मेकॅनिक' म्हणायचे. सरांनी मावशीला टेबलावर निजवलं, मानेखाली हात ठेवला आणि नुसते थांबले. बराच वेळ काहीच केलं नाही. मग हळूच कुठेतरी काहीतरी वळवलं. मावशी उठून बसली, तिने उजवीकडे पाहिलं, डावीकडे पाहिलं आणि तिला रडूच फुटलं. मी तेव्हा शाळेच्या शेवटच्या वर्षाला होते. आपल्याला हेच यायला हवं, असं तिथल्या स्टुलावर बसून मी ठरवून टाकलं.

मान थोड्या दिवसांनी पुन्हा धरायची. मावशी पुन्हा जायची, पुन्हा हसत यायची. शेवटी तिने सरांना सरळ विचारलं, की काम सोडू का? सर म्हणाले, "सोडाच ताई. ही मान आता खाली वाकण्यातली राहिली नाही." मावशीने हत्यारं एका ओळखीच्या घड्याळवाल्याला देऊन टाकली आणि दुकानाची पाटी स्वतः उतरवली. "सरांचं ऐकायला हवं बाई," एवढंच म्हणाली.

पुढे मी सरांच्याच संस्थेत शिकायला लागले. पहिल्या दिवशी ते म्हणाले, "दुखतं तिथे शेवटी जायचं. सुरुवात पायापासून. आणि पेशंटला आपली गरज उरली नाही, की समजायचं आपण काम केलं." मी भारावून गेले होते. त्यांचा आणखी एक नियम होता, घरच्या माणसावर उपचार करायचे नाहीत. माया आडवी आली की हाताला खरं कळत नाही. तोही मला पटला. त्यांचं मला काय पटत नव्हतं म्हणा!

दरवर्षी मानेच्या धड्याला सर मावशीला बोलवायचे. ती इस्त्रीचे कपडे घालून, केस नीट विंचरून जायची. "मी तुमच्या सरांची लाडकी मान आहे," असं वर्गाला सांगायची. सर स्वतः तिच्या पायांवर शाल घालायचे. "ताईंना गारठा सोसत नाही. आज फक्त मान बघायची." आम्ही टेबलाभोवती गोळा व्हायचो. मान सुटायची, मावशी दोन्हीकडे वळून दाखवायची, टाळ्या पडायच्या. मीही मान शिकले ती तिथेच, रांगेत उभी राहून. वर्गात शिकणं म्हणजे उपचार नव्हे, तेवढं चालतं, असं सर म्हणाले होते.

शिकून झाल्यावर मी त्यांच्याच क्लिनिकमध्ये काम करू लागले. एकदा सर बाहेरगावी शिकवायला गेले असताना मावशीची मान अशी काही अडकली की तिला सगळं अंग फिरवून माझ्याकडे बघावं लागत होतं. बाहेर नंबर लावणाऱ्या बाई म्हणाल्या, "सर येईपर्यंत काय अशीच बसवणार आहेस त्यांना? बघ तूच."

मला धास्तीच होती. म्हणून मी अगदी शिकवल्याबरहुकूम पायापासून सुरुवात केली. उजवा घोटा हातात घेतला आणि तो वर वळेचना. गंजलेल्या बिजागरीसारखा घट्ट.

"मावशी, हे काय झालंय?"

"अगं, ते होय? तुझी आई आणि मी लहानपणी जिन्यावरून गडगडलो होतो. फार सुजला होता बघ."

घोटा वाकत नाही म्हणून चालताना भार दुसऱ्या पायावर, त्यामुळे कंबर तिरकी, बरगड्या एका बाजूला ओढलेल्या, आणि डोकं सरळ ठेवायचं सगळं ओझं मानेवर. एवढी सोपी साखळी होती. पहिल्या वर्षाच्या पोरांनाही सापडली असती. मी घोट्यावरच काम केलं, मानेला बोटही लावलं नाही. मावशी उठली, खोलीत चार पावलं चालली. बाईंनी दारातून हाक मारली तशी तिने मान वळवून "ओ" दिली. मी आनंदाने अक्षरशः ओरडले.

मी तिला घोट्याचा व्यायाम शिकवला. त्यानंतर मान धरलीच नाही.

आधी मला वाटलं, सरांच्या नजरेतून सुटलं असेल बिचाऱ्यांच्या. डोळे झाकून विश्वास ठेवायची सवय लागली, की माणूस असं वेड्यासारखं बोलतं. पण सर प्रत्येक पेशंटचे पाय बघत. प्रत्येक म्हणजे प्रत्येक. मग मला धड्याच्या वेळी सर तिच्या पायांवर घालायचे ती शाल आठवली.

सर परत आले. दोन पेशंटच्या मधल्या वेळात ते टॉवेलांच्या घड्या घालत होते.

"सर, मावशीचा घोटा सापडला मला."

"सापडला? शाबास!" त्यांनी घडी मोडू दिली नाही. "मला वाटलंच होतं, तुला सापडेल म्हणून."

"तुम्हाला माहीत होता?"

"पहिल्याच दिवशी."

मला वाटलं, आता ते काहीतरी असं सांगतील की सगळं पुन्हा जागेवर येईल. मी वाट बघत उभी राहिले.

"अगं, मान शिकवायला मान लागते," ते समजावणीच्या सुरात म्हणाले. "हमखास धरणारी आणि हमखास सुटणारी. कितीजण शिकले त्या मानेवर! त्यांनी पुढे कितीजणांना बरं केलं! आणि ताईंना दरवेळी आराम पडतच होता की. तूही त्याच मानेवर शिकलीस, विसरू नकोस."

"तिने दुकान बंद केलं, सर."

"ते वयाने सुटलंच असतं." त्यांनी पुढचा टॉवेल उचलला. "आता सोमवारी मानेचा धडा आहे. कुणाला बोलवायचं, सांग."

माझी तळपायाची आग मस्तकात गेली. ज्या माणसाला मी देव्हाऱ्यात बसवलं होतं, त्याने माझ्या मावशीचा केसाने गळा कापला होता आणि वर मला शाबासकी देत होता.

मी घरी येऊन मावशीला सगळं सांगितलं. तिने चष्मा काढून पुसला.

"म्हणजे मी दुकानात बसू शकले असते?"

"हो."

"आता नजरही गेली गं," ती म्हणाली. मग उठून चपला घातल्या. "चल."

क्लिनिकमध्ये बाकावर पेशंट बसले होते. सर बाहेर आले, नेहमीसारखे हसले.

"मी तुम्हाला विचारलं होतं, काम सोडू का," मावशी म्हणाली. "तुम्ही काय सांगितलं होतं?"

"ताई, आधी बसा बरं." बोलता बोलता सवयीने त्यांचा हात तिच्या मानेकडे गेला. मावशी मागे सरली.

"हात लावायचा नाही."

बाकावरचे सगळे बघत राहिले. सरांचा हात तसाच हवेत राहिला. मला त्यांची दया आली नाही, अजून येत नाही.

मी त्याच दिवशी तिथलं काम सोडलं. एक खोली घेतली, एक टेबल टाकलं. माझी रीत मी सरांच्या विरुद्ध भांडत भांडत बनवली. हात ठेवण्याआधी विचारायचं. जे सापडेल ते सगळं सांगायचं, मला सुटत नसेल तर तेही. बरं वाटलं की 'आता येऊ नका' म्हणायचं. काका म्हणतात, अशाने दुकान दोन दिवसांत बसेल. बसलेलं नाही.

मग मावशीची कंबर धरली. बादली उचलताना उसण भरली, दुसरं काही नाही. ती माझ्या टेबलावर पालथी झोपली. काय करणार ते मी नीट सांगितलं.

"ठेवू हात?"

"ठेव की."

मी हात ठेवला आणि थांबले. तिची पाठ सैल व्हायच्या ऐवजी दगड झाली.

"काय झालं?"

तिने टेबलाची कड धरली. मग म्हणाली, "अगदी तसाच ठेवतेस गं तू. तितकाच भार. ते थांबणंही तसंच."

"मावशी, मी सांगितलंय ना सगळं तुला?"

"सांगितलंस. मला कळतंय. पाठीला कळत नाही, त्याला मी काय करू?" ती कण्हत उठून बसली. "राग मानू नकोस."

राग आला. आधी तिचाच आला, खोटं कशाला बोलू. मग सरांचा इतका आला की मी खोलीबाहेर जाऊन उभी राहिले. माझ्याकडे दुसरे हात नाहीत. मला येतं ते सगळं त्यांचंच आहे.

गावाच्या दुसऱ्या टोकाला एक ऑस्टिओपॅथ बाई असल्याचं कळलं. मी फोन करून एकच गोष्ट विचारली, की तुम्ही कुणाकडे शिकलात? त्यांनी वेगळंच नाव सांगितलं. मावशीला घेऊन गेले. बाईंनी दार उघडलं.

"सोबत कोण आहे?"

"भाची," मावशी म्हणाली. "तीही हेच करते."

"अरे वा, मग तुम्हीही या ना आत."

मी एक पाऊल टाकलं होतं. मावशीने तिची पिशवी माझ्या हातात दिली.

"नको," ती बाईंना म्हणाली, "ती बाहेरच बसेल."