रामबाईचा संदल

पुनाजी उइकेंच्या घरचा संदल यंदापासून बंद झाला. उर्स समितीनं तसा ठराव केला, त्यावर चहाही झाला. पण पुनाजींना ते कुणी सांगितलंच नाही, तेव्हा ठराव झालाच नाही असं समजून आपण पुढे जाऊ. पुनाजीही तसेच निघाले होते, हातात फडक्यानं झाकलेली पितळी वाटी घेऊन.

कारंजा गावाजवळच्या या दर्ग्यातल्या बाबांचं नाव कुणालाच माहीत नाही. बाबा जन्मभर बोललेच नाहीत, तर कळणार कसं? म्हणून उर्साला मजारीवर चढणारं चंदन, म्हणजेच संदल, बिनबोलता उगाळायचं, आणि तेही उइकेंच्या घरच्या बाईनं. पुनाजींच्या बायकोनं, रामबाईनं, ते चाळीस वर्षं उगाळलं. एरवी ही बाई झोपेतही बोलायची. त्यामुळे त्या दिवशी पुनाजी मुद्दाम समोर बसून तिच्या माहेरच्यांना नावं ठेवायचे. वाटी भरली की ती सगळ्याचं उत्तर एकदम द्यायची.

पोळ्यानंतर रामबाई गेली.

दर्ग्याच्या पायरीपाशी समितीचे अध्यक्ष बंडूजी किराणावाले खुर्ची टाकून बसले होते. शेजारी मुजावर चाँदभाई फुलं निवडत होते.

"हे काऊन आणलं, पुनाजी?" बंडूजी म्हणाले. "नागपूरवरून पावडर आणली ना आपण. पाणी टाकलं का झालं."

"उगाळलं मी. तिच्याच सहाणीवर."

"बाईमाणसाचं काम ते, तुमचं चालते काय?"

"राहू द्या, शेटजी," चाँदभाईंनी हात पुढे केला. "घरचं हाय. मी लावतो."

पुनाजींनी वाटी मागे घेतली. "नाई चालत, चाँदभाई. बोललो मी."

"काय बोलले?"

"चंदन घट्ट झालतं. तर तिले म्हटलं, पाणी टाक वं थोडं."

चाँदभाईंनी हातातलं फूल खाली ठेवलं. "कोणी आयकलं काय?"

"कोणीच नाई आयकलं."

"मंग आमाले काऊन सांगून राह्यले?" बंडूजी म्हणाले.

"मंग कोणाले सांगू, जी?"

चाँदभाईंनी मान खाली घालून नागपूरची पुडी फोडली.

दुसऱ्या दिवशी समितीकडे अर्ज आला. पुनाजी ग्रामपंचायतीतून शिपाई म्हणून निवृत्त झालेले, त्यामुळे अर्जात खोट काढायला जागा नव्हती.

"विषय : मागील वर्षीचा उर्स पुन्हा भरविण्याबाबत.

महोदय, उपरोक्त विषयास अनुसरून विनंती की, यंदाचा संदल अर्जदाराच्या चुकीमुळे बाद झाला आहे. मागील वर्षी अर्जदाराची पत्नी हयात होती. करिता मागील वर्षीचा उर्स एक दिवसासाठी पुन्हा भरविण्यात यावा. मांडव, पाणी व सतरंज्यांची व्यवस्था अर्जदार करील. पूर्ण दिवस शक्य नसल्यास दुपारपर्यंत."