पाण्याच्या नळीत सापडलेल्या बाई

३ मार्च, सकाळचे नऊ वाजून चाळीस मिनिटे. माझ्या पोटात बारा नळ्या.

मित्रांनो, मी डीएनएच्या प्रती काढणारे एक जुने यंत्र आहे. तापणे, निवणे, पुन्हा तापणे हाच माझा धर्म. स्वस्थ बसणे मला ठाऊक नाही. तरीही दूरदेशाहून भेट म्हणून आल्यावर मला बसावे लागले. फीत कापली, टाळ्या झाल्या; पण चालवणारे कोणीच नव्हते. देशातले नमुने परदेशी जात राहिले आणि मी आच्छादनाखाली धूळ खात तळमळत राहिले.

मग प्रयोगशाळेच्या प्रमुख म्हणून बाई आल्या. त्यांनी न खंडणारी वीज मिळवली, माणसे शिकवून तयार केली. त्या दिवशी आमचे पहिले खरे काम होते. बुडालेल्या बोटीजवळ सापडलेले हाड बाहेर बाकावर बसलेल्या आईच्या मुलाचे आहे का, हे सांगायचे होते. अशा वेळी एका नळीत मुद्दाम नुसते पाणी ठेवतात; तिच्यात काहीही उमटता कामा नये; उमटले, तर बाहेरचा डीएनए मिसळला असे समजायचे.

फेरी संपल्यावर माझ्या प्रती वाचणाऱ्या शेजारच्या यंत्राकडे पाहून तंत्रज्ञ ताडकन उठला.

"बाई, पाण्यात कोणीतरी बसलंय!"

"कोण?"

"आपल्या सगळ्यांच्या डीएनएच्या नमुन्यांशी ताडून पाहिलं. तुम्हीच आहात!"

"मी मास्क लावला होता."

"हनुवटीला! नळ्या उघड्या ठेवून तासभर शिकवत होतात."

मला आपपर कळत नाही, मित्रांनो. थुंकीचा कणही मी तितक्याच निष्ठेने लाखपट करते.

बाईंच्या वरचे, संस्थेचे संचालक म्हणाले, "हाडाची नळी स्वच्छ आहे ना? मग द्या अहवाल. दळलेल्या हाडाची उरलेली चिमूटभर पूडही वाया गेली तर?"

"आज हे झाकलं, तर उद्या आपलं कोण खरं मानेल?" असे म्हणून बाई बाहेर गेल्या. "आई, माझ्या हातून चूक झाली. पुन्हा करावं लागेल. पूड एकदाच पुरेल."

ती माउली बाकावरून उठली. "करा, ताई. दुसरीचं लेकरू माझं म्हणून नेलं, तर ती कुणाची वाट बघत बसेल?"

शेवटची चिमूट माझ्या स्वाधीन झाली. कधी नव्हे ते मला माझेच तापणे सोसवेना. बाई मास्क नाकापर्यंत ओढून मुकाट उभ्या होत्या.

मित्रांनो, यंत्राची निगा नुसत्या फडक्याने राखली जात नाही. पाण्याची नळी ठेवत जा, आणि तिने तुमचेच नाव सांगितले तरी ऐकत जा.

दुसऱ्या फेरीत पाण्याच्या नळीत काहीही उमटले नाही. आईशी हाडाचे नाते डीएनएवरच्या तपासलेल्या सोळापैकी सोळा ठिकाणी जुळले.