दंडाचा नारळ

आमच्या कॉलेजात दर महिन्याला पर्यावरणावर व्याख्यान होतं, आणि दर महिन्याला पाहुण्यांच्या हाती नारळ ठेवण्याचं काम माझ्याकडे असतं. मी शिकवते हिंदी. पण माझा आवाज माइकशिवायही शेवटच्या बाकापर्यंत पोचतो, म्हणून सूत्रसंचालन कायमचं गळ्यात पडलं. पाहुणे येतात, प्लास्टिकच्या बाटलीतलं पाणी पिऊन पाणी वाचवा म्हणतात, आणि जाताना फाटकाजवळच्या त्याच खड्ड्यात रोप लावतात. आधीच्या पाहुण्याचं रोप तोवर मेलेलं असतं, त्यामुळे जागेची अडचण कधी आली नाही. मुलं बसतात ती हजेरीसाठी आणि समोशासाठी. शाल, नारळ, समोसे, सगळं वीजकेंद्राच्या खर्चानं. त्याच वीजकेंद्राची राख उन्हाळ्यात आमच्या बासीवर, म्हणजे रात्री पाण्यात घातलेल्या भातावर, सायीसारखी धरते, आणि आम्ही ती बोटानं बाजूला सारून जेवतो.

एकच व्याख्यान मुलांनी खरोखर ऐकलं. हैदराबादच्या संस्थेतून डॉ. पद्मजा आल्या होत्या. बाईंनी शाल नको म्हटलं आणि थेट मुलांना विचारलं, "तुमच्या दारात काय मरतंय, ते कुणी सांगेल का?" मग त्या म्हणाल्या, "पुस्तकातलं पाठ करू नका. आपल्या दाराशी जे आहे ते तपासा, मांडा. ज्याचा अभ्यास उत्तम, त्याला आमच्याकडे वर्षभर शिकायची जागा. राहणं, खाणं, सगळं संस्थेचं." बाहेर पडताना मुलांच्या तोंडात समोसे होते, पण बोलणं त्या जागेचंच होतं.

जागेसाठी सगळ्यात आधी नाव दिलं खिलेश्वरी मरावीनं आणि तिच्या भोजलीनं. दोघी महुआटिकऱ्याच्या. गावाच्या पाठीशीच राखडबांध आहे. वीजकेंद्रातली राख पाण्यातून तिथं येऊन साठते. दोघी सातवीत असताना भोजली झाल्या. श्रावणात टोपलीत गव्हाचे अंकुर वाढवायचे, राखीच्या दुसऱ्या दिवशी तळ्यात सोडायचे, आणि धुतलेले चार अंकुर जिच्या कानावर खोचले ती जन्माची भोजली. आईला इकडे दाई म्हणतात; भोजलीची आई ती आपली फूल दाई. आणि त्या दिवसापासून एकमेकींचं नाव घ्यायचं नाही. चुकून तोंडून गेलं तर दंडाचा नारळ भरायचा.

मी खिलेश्वरीला मुद्दाम छेडायची. "काय गं, तुझ्या मैत्रिणीचं नाव काय?"

"मॅडम, नारळ तुम्ही देणार असाल तर सांगते."

"मी कशाला देऊ? तुझं नाव घ्यायला तिला सांगते, मग तुलाच मिळेल."

"ती? ती जीभ चावून घेईल!" आणि दोघी हसत सुटायच्या. मीही इथं तिचं नाव एवढ्यात घेत नाही.

महिनाभर दोघींनी विहिरींचं पाणी भरलं, तांदूळ धुऊन त्याचं पाणी बाटल्यांत ठेवलं, खोकणाऱ्या म्हाताऱ्यांच्या ओट्यावर बसून आल्या. पर्यावरणाचे ताम्रकार सर ते बघून म्हणाले, "छान आहे, पण बांधाच्या आतली ओली राख हवी. त्याशिवाय सिद्ध काय होणार?" हे त्यांनी भर वर्गात सांगितलं, चाळीस मुलांसमोर. परवानगीचं पत्र मागितलं तेव्हा म्हणाले, "पत्र मागाल तर वर्ष जाईल. जाऊन घेऊन या, तुमचंच गाव आहे."

राखडबांध वरून वाळलेल्या शेतासारखा दिसतो. भेगा पडलेला, घट्ट. खाली मात्र चिखल असतो आणि त्याला तळ नसतो. गावातल्या म्हशी त्यात गेल्या आहेत. हे दोघींना पक्कं ठाऊक होतं. म्हणून एकीनं काठावर दोर धरायचा आणि दुसरीनं दोर कमरेला बांधून चार पावलं आत जायचं, असं ठरलं. दोर खिलेश्वरीच्या हातात होता. आदल्या दिवशी राखेच्या नळाचं तोंड त्या बाजूला वळवलं होतं, ते कुणी सांगायचं? भर दुपारी पापुद्रा फुटला. खिलेश्वरीच्या तळहातांची साल निघाली, पण दोर हातातून गेला. राखेची भरलेली डबी तेवढी भोजलीनं आधीच काठावर फेकली होती.

दोन दिवसांनी यंत्र लावून तिला काढलं. ओळखू आली ती पायातल्या पैंजणांवरून.

त्यानंतर जे झालं ते आठवलं की अजून माझं डोकं सणकतं. वीजकेंद्रानं सांगितलं, गावातली एक बाई हद्दीत घुसली आणि घसरली. प्राचार्य चौबे सरांनी सांगितलं, कॉलेजनं कुणालाही पाठवलं नव्हतं. ताम्रकार सर रजेवर गेले. चाळीस मुलांना एकदम विसर पडला. आणि मोकळ्या राहिलेल्या जागेत लोकांनी आपली गोष्ट भरली: पोरगी लोखंडी पाइप चोरायला गेली होती. भंगारवाला म्हणे पलीकडे उभाच होता.

फूल दाई एकदा कॉलेजात आली. भरपाईचं कुणी बोलायला लागलं तर तिनं हातानंच थांबवलं. "मला काही नको, गुरुजी," ती चौबे सरांना म्हणाली. "माझी लेक अभ्यासाला गेली होती एवढं बोला. गावात मला चोराची आई म्हणतात."

"बाई, आम्हाला वाईट वाटतं," सर म्हणाले आणि शिपायाला चहा आणायला सांगितलं. तिनं चहा घेतला नाही.

दोन महिन्यांनी डॉ. पद्मजा निवड करायला येणार असं पत्र आलं. खिलेश्वरीचा अभ्यास त्यांना पाठवलेला होता आणि तो सगळ्यात वर होता. चौबे सरांनी तिला केबिनमध्ये बोलावलं. भाषण हिंदीत नीट करायचं म्हणून मलाही.

"बेटा, जागा तुझीच आहे," सर म्हणाले. "तुझ्या आईला केवढा आनंद होईल! फक्त त्या प्रकाराचा उल्लेख नको. समोर वीजकेंद्राचे लोक बसणार. अभ्यास तुझा, बोलणार तू. दुसऱ्या कुणाचं काय काम?"

खिलेश्वरी आपल्या तळहातांकडे बघत होती. बऱ्या झालेल्या सालीचा रंग गुलाबी राहिला होता.

"आणि नाही बोलले तर?" तिनं विचारलं.

"तर जाशील हैदराबादला."

बाहेर आल्यावर तिनं मला व्हरांड्यात थांबवलं. "मॅडम, घरी माझी दाई म्हणते, जा पोरी, एक तरी वाच इथून. ती पण खोकते आता. मी गेले तर तिलाही नेईन तिकडे." मग म्हणाली, "ती खाली जात होती ना, तेव्हासुद्धा मी भोजली, भोजली असंच ओरडत होते. बांधावरच्या माणसांनी विचारलं कोण आहे, तर माझ्या तोंडून नाव निघेना. सवयच नाही."

मी तिच्या भाषणातल्या मात्रा दुरुस्त केल्या.

व्याख्यानाच्या दिवशी सभागृह भरलं होतं. टेबलावर तीन नारळ, तीन शाली. पडद्यावर वीजकेंद्राचं नाव. शेवटच्या बाकाच्या मागे, भिंतीला टेकून फूल दाई उभी होती. तिला कुणी बोलावलं नव्हतं, पण हाकलायची हिंमतही कुणाला झाली नाही.

खिलेश्वरी चांगली बोलली. कुठल्या विहिरीत काय, तांदळात काय, किती घरांत खोकला. चौबे सर मान डोलवत होते. शेवटी तिनं ती राखेची डबी टेबलावर ठेवली. डॉ. पद्मजांनी ती उचलली, उजेडात फिरवली.

"ही तर आतली ओली राख आहे," त्या म्हणाल्या. "हे काम एकटीनं होत नाही. काठावर एक माणूस लागतो. तुझ्याबरोबर कोण होतं?"

चौबे सर पटकन उठले. "मॅडम, वेळ जरा कमी आहे, आपण..."

"मी तिला विचारतेय," बाई म्हणाल्या.

खिलेश्वरीनं एकदा भिंतीकडे पाहिलं.

"काठावर मी होते," ती म्हणाली. "आत गेली ती सोनकुंवर कंवर. महुआटिकऱ्याची, बी.एस्सी. दुसरं वर्ष. ताम्रकार सरांनी राख आणायला सांगितली होती. आमच्या आख्ख्या वर्गानं ऐकलंय. सोनकुंवर चोरी करायला गेली नव्हती. सोनकुंवर अभ्यासाला गेली होती."

माइक बंद झाला. कुणी केला ते मला दिसलं नाही. चौबे सर मोठमोठ्यानं सांगू लागले, की हा अभ्यास विनापरवानगी झालेला आहे, कॉलेज तो मागे घेत आहे, तरी निवडीसाठी त्याचा विचार होऊ नये. वीजकेंद्राचे साहेब उठून दाराकडे निघाले. मुलं खाली बघत बसली होती. डॉ. पद्मजा काहीतरी विचारत होत्या, पण खिलेश्वरीचं तिकडे लक्षच नव्हतं.

तिनं टेबलावरचा एक नारळ उचलला. पाहुण्यांचा होता, मी अडवला नाही. ती मंचावरून उतरली, बाकांच्या मधल्या वाटेनं मागच्या भिंतीपाशी गेली आणि नारळ फूल दाईच्या पुढ्यात धरला.

"भोजलीचं नाव घेतलं, फूल दाई. तीन वेळा घेतलं. हा दंड. ती नाही, म्हणून तुला."

फूल दाईनं लुगड्याचा पदर पुढे केला आणि नारळ त्यात घेतला. मग दुसऱ्या हातानं खिलेश्वरीचा गुलाबी तळहात धरला आणि तिच्या डोक्यावरून मंचाकडे बघत म्हणाली, "नोनी, पोरी, हे नाव तर कॉलेजनं घ्यायचं होतं. त्यांना दंड नव्हता गं."