पेन्सिलीचा ठिपका

मले राग येते. लवकर येते अन् लवकर जात नाई, हे आधीच सांगून ठेवते. त्या दिवशी संध्याकाळी नागपूरहून आली, पाठीवरची बॅग न उतरवता मागच्या खोलीत गेली, जुना फ्रिज उघडला अन् डब्याचं झाकण काढलं. आत दोन्ही अंडी जागच्या जागी होती. पण वरचे ठिपके गायब होते.

ठिपक्यांचं सांगाच लागन. माह्याकडं पानशेपटी पाली होत्या, एक नर अन् एक मादी. मूळच्या मादागास्करच्या. शेपूट पाहाल त वाळलेलं पान, फांदीवर बसली त बोट दाखवूनही दिसत नाई. सरकारी पोर्टलवर नोंद हाये, सगळे कागद हायेत. लोक म्हणतात, पाल कोण पाळते? मी पाळते. कोणाच्या बापाचं काय जाते?

या पालीचं अंडं एकदा घातलं की फिरवाचं नसते. आतला जीव वरच्या बाजूले कवचाले चिकटते. उलटं केलं की तो आतल्या आत मरते. म्हणून अंड्याच्या वरच्या अंगाले पेन्सिलीनं बारीक ठिपका द्याचा, अन् पिल्लू भाईर येईपर्यंत तो ठिपका वरच राह्यला पाह्यजे.

पिपरी मेघेत आम्ही दोघीच राह्यतो, मी काजल अन् माही माय सखूबाई. भाऊ समुद्रपूरकडं वांगी-टमाटर लावते. मी कॉलेजच्या प्रयोगशाळेत नोकरी करते. अंड्याखाली घालाले रोपांच्या ट्रेमधलं कोकोपीट, म्हणजे नारळाचा भुसा, भावाकडून आणलं, फ्रिजले थर्मोस्टॅट बसवला, चोवीस डिग्री बांधून दिले. तरी पहिली जोडी सुकली. दुसरीले बुरशी लागली. तिसऱ्या वेळी लाइन गेली अन् अंडी उकडून निघाली, तवा इन्व्हर्टर घेतला. चौथ्या जोडीले विसाव्या दिवशी मोबाइलचा टॉर्च लावला त आत लाल धागे दिसले. रक्ताचे! मी एकटीच फ्रिजपुढं नाचली.

अन् दोन हप्त्यांनी मादी मेली. काऊन मेली, मले आजही समजलं नाई. कढीलिंबाखाली खड्डा करून राह्यली होती मी, डोळ्यांतून पाणी गळून राह्यलं होतं, तवा माय दारातून म्हणाली, "बरं झालं वो बाई, एक ब्याद गेली."

ब्याद! त्या दिवसापासून मी तिच्याशी बोलणं टाकलं. ताट वाढाची अन् आदळाची. माय "काजल" म्हणे, मी नळ जोरात सोडो. आठ दिवस असंच चाललं. शेजारच्या मंदाबाईनं भिंतीवरून इचारलं, "सखूबाई, पोरीचं तोंड काऊन फुगलं?" त माय म्हणाली, "कामाचा ताण हाये तिले."

मंग माहं नागपूरले चार दिवसांचं ट्रेनिंग निघालं. नराले चार दिवसांचं खाणं-पाणी ठेवलं, फ्रिज आपोआप चालणार, डब्यात ओल भरपूर, कोणालेच काई कराचं काम नव्हतं. फक्त हात लावाचा नव्हता. एवढंच तोंडानं सांगाचं होतं. पण मी पडली अकडू. बोलली असती त माहं नाक कापल्या गेलं असतं न! मी वहीचं पान फाडलं, चिठ्ठी लिवली, फ्रिजच्या दाराले चिकटवली अन् मागं न पाह्यता निघून गेली.

अन् आता ठिपके खाली होते.

"माय!" घर दणाणलं. "माह्या अंड्याले कोणं हात लावला?"

ते सैपाकघरातून आली. हसत आली, हे मले सगळ्यात जास्त लागलं. "मी लावला न. सकाळी एकदा, संध्याकाळी एकदा. सकाळी खूण वर, संध्याकाळी खाली. आताच फिरवून ठेवले. बराबर केलं न?"

मी मोबाइलचा टॉर्च लावला. लाल धागे नव्हते. एका बाजूले नुसता काळा डाग साचला होता. दुसऱ्यातही तेच.

"मारून टाकले तू! दोनीच्या दोनी मारले!" मी फ्रिजले लाथ घातली. मागच्या दाराभाईरच्या भिंतीवर मंदाबाईचं डोकं उगवलं. "काकू, तुमी आत जा! इथं काई तमाशा नाई!" डोकं गेलं. "कोणं सांगतलं होतं फिरवाले? कोणं?"

मायचं हसू गेलं होतं. तिनं फ्रिजच्या दाराकडं बोट केलं.

"तूच त. चिठ्ठी लावून गेलती न."

"तुले वाचता येते का?"

"नाई येत. पण अंडे होते अन् अंड्यावर खूण होती, मंग वाचाचं काय?" ते भितभित बोलून राह्यली होती. "गावाले कोंबडी बसवो, तवा मीही कोळशानं खूण करो. कोंबडी फिरवण्यात आळशी असली की हातानं फिरवाचे, नाई त पिल्लू एका अंगाले चिकटते. मले वाटलं, तेच काम सांगून गेली पोरगी. आठ दिवसांनी मले काई सांगतलं, त करू नको का?"

"मंदाकाकूले वाचाले लावाचं होतं!"

"तू मले लिवलेलं, त्या बाईले काऊन दाखवू? आपल्या घरातलं बोलणं हाये ते." अन् मंग हळूच म्हणाली, "मले पालीची शिसारी हाये, तुले माहीत हाये. पयल्या दिवशी उलटीच आली मले. मंग मनलं, पोरीचं काम हाये, अन् हात धुऊन फिरवले."

बँकेत तिचा अंगठा मीच शाईत दाबून कागदावर टेकवते. रेशनच्या दुकानात बी मीच. तिले वाचता येत नाई हे या घरात माह्याइतकं कोणाले ठाऊक हाये? ते चिठ्ठी तिनं वाचावी म्हणून लिवलीच नव्हती मी. उद्या काई झालं त "मी सांगतलं होतं" म्हणाची सोय राहावी, म्हणून लिवली होती. अशी हाये मी.

"वाच न," माय म्हणाली. "काय लिवलं हाये त्याच्यात?"

खोटं सांगता आलं असतं. पण राग अजून उतरला नव्हता, अन् आता तो कोणावर काढाचा हेच समजून नव्हतं राह्यलं. मी चिठ्ठी ओढून काढली अन् जशी होती तशी वाचली. "अंड्यांना हात लावायचा नाही. तुझ्यासाठी ब्याद असेल. माझ्यासाठी हेच उरलं आहे."

'ब्याद' ऐकलं तशी मायनं आपले दोन्ही हात पदराले पुसले. हात कोरडेच होते. तरी पुसत राह्यली, एकेक बोट धरून. मंग डब्याचं झाकण उचलून माह्या हातात देल्लं.

"लिवाले एवढं येते तुले," ते म्हणाली, "मंग तोंडानं सांगाले काऊन नाई आलं, पोरी?"